पाहू, कळवते

आज गाडीच्या टपावरून बोट फिरवलं आणि ते पिवळं झालं. म्हणजे आले पुन्हा ते दिवस. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला राहणाऱ्या माणसाला त्यासाठी कॅलेंडर पाहावं लागत नाही. मार्च सरता सरता पाइनची झाडं पराग सोडतात आणि आठ-दहा दिवस गावभर हळद सांडल्यासारखी पूड पसरते. गाड्यांवर, टपालपेट्यांवर, बाल्कनीत वाळत घातलेल्या ओढण्यांवर. इंडियन ग्रोसरीतल्या काकू दरवर्षी म्हणतात, गावाला हळद लागली गं. मी हसते, पण ते तोंडदेखलं. ही पूड पावसाने धुऊन गेली की मैदानांवर बेसबॉल सुरू होतो. पंधरा वर्षं झाली, वाटेत मैदान आलं की मी गाडीतल्या रेडिओचा आवाज वाढवते. लाकडी बॅटचा तो 'टक्' मला ऐकायचा नसतो.

आणि एके काळी तो आवाज ऐकण्यासाठी मी चाळीस मिनिटं गाडी चालवत जात होते.

दोन हजार तीनचा उन्हाळा. शिरीष, माझा नवरा, इथल्या रिसर्च पार्कमध्ये नोकरीला आणि मी त्याची डिपेंडंट. व्हिसाच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. नागपूरला मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत होते. इथे मला पगाराचं कुठलंही काम करायची मनाई होती. दोन वर्षं मी मसाल्याचे डबे आधी उंचीप्रमाणे लावले, मग अक्षरांप्रमाणे, मग कंटाळून पुन्हा उंचीप्रमाणे. अशात लायब्ररीतल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. शेजारच्या तालुक्यातल्या छोट्या बेसबॉल क्लबला स्कोअर लिहायला माणूस हवा होता, बिनपगारी. बिनपगारी म्हणजे कायद्याला चालणारं. मी त्याच दिवशी फोन केला. बेसबॉल कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं, पण स्कोअर लिहिणं माझ्या रक्तात होतं.

माझे बाबा नागपूरच्या क्लब क्रिकेटचे स्कोअरर. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसायची. त्यांचा एक नियम होता: आकडे चौकटीत, आणि आकड्यांत न मावणारं ते समासात. 'पायाला काहीतरी झालंय, सांगत नाहीये.' 'पंचाला घरी जायची घाई.' 'घरी भांडून आलाय.' धावा कुणीही मोजेल, समास मात्र नजर असलेल्यालाच लिहिता येतो, असं ते म्हणत. मी इथे तेच सुरू केलं. चौकटीत इंग्रजी, समासात मराठी. मराठीत लिहिण्यामागे काही लपवाछपवी नव्हती. बाबांच्या पद्धतीने लिहायचं तर हात मराठीतच वळायचा.

ते गाव एके काळी तंबाखूवर जगलेलं. गोदामं बंद पडून जमाना झाला होता, पण दुपारच्या उन्हात भिंती तापल्या की विटांमधून अजून तो गोडसर वास यायचा. माती लाल, हवा दमट, ब्लाउज पाठीला चिकटलेला. मैदान लहानसं. मागची भिंत लाकडी फळ्यांची, त्यावर टायरवाल्याच्या आणि दंतवैद्याच्या जाहिराती. टीमचे मॅनेजर मिस्टर हॉलिस साठी ओलांडलेले. सूर्यफुलाच्या बिया चघळत, टरफलं कागदी पेल्यात टाकत, दिवसाला जेमतेम पन्नास शब्द बोलणारे. तिकडच्या रीतीने सगळे मला 'मिस नंदा' म्हणत. ते कानाला इतकं 'नंदाताई'सारखं लागायचं, की पहिल्याच आठवड्यात मी विरघळले. दोन वर्षांत मला नावाने हाक मारणारं शिरीषखेरीज कुणी नव्हतं.

बेसबॉलमध्ये मागे, लांबवर तिघे उभे असतात, त्यांना आउटफिल्डर म्हणतात. उंच उडालेला चेंडू भिंतीपर्यंत धावत जाऊन झेलायचा हे त्यांचं काम. आमच्याकडे मधल्या जागी होता वेस्ली. वीस वर्षांचा, पोरसवदा, हरणाच्या चपळाईचा. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, घर मैदानापासून दोन गल्ल्यांवर. दर वाक्याला 'येस मॅम', 'नो मॅम'. कॅचला तुमच्या भाषेत काय म्हणतात, असं त्याने मला एकदा विचारलं. त्यानंतर झेल घेतला की तो लांबून माझ्याकडे बोट करून 'झेल' असं ओरडायचा. ळ त्याला कधी जमला नसता. ल मात्र छान होता.

समासात त्याच्यासमोर मी पहिल्यांदा काय लिहिलं ते मला आठवतं. 'ति.सां. उशीर.' तिन्हीसांजेला उशीर.

जूनमध्ये तिकडे साडेआठला सूर्य मावळतो. सामना निम्मा झालेला असतो, मैदानाचे दिवे लागलेले असतात, पण आकाश अजून धड उजेडाचं नाही आणि धड काळोखाचं नाही. आपल्याकडे या वेळेला केर काढू नये म्हणतात, झोपू नये म्हणतात. माणसांनी या वेळेशी जरा जपून वागावं असंच एकूण जुन्यांचं मत. त्या अर्ध्या तासात वेस्लीचं पहिलं पाऊल उशिरा पडायचं. अगदी किंचित. उरलेला वेळ तो वाऱ्यासारखा धावून ते भरून काढायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. चौकटीत झेल लागलेला असायचा. मी समासात लिहायची, उशीर. पुढच्या सामन्यात पुन्हा, उशीर. आणखी एक गोष्ट मी पाहिली. सामना संपला की बाकीची मुलं आपापल्या खटारा गाड्या काढून निघून जायची, आणि दोन गल्ल्यांवरच्या घरी जायला वेस्लीची आई त्याला न्यायला यायची. वीस वर्षांचा अमेरिकन मुलगा आईच्या गाडीची वाट पाहत फाटकाशी उभा, आणि ते सुद्धा दिव्याच्या खांबाखालीच.

एका दुपारी तो सरावाला लवकर आला होता. मी वही उघडून त्याच्यासमोर धरली, समासावर बोट ठेवलं आणि विचारलं, संध्याकाळी तुला चेंडू दिसतो ना? तो बराच वेळ त्या मराठी अक्षरांकडे पाहत राहिला, जणू त्याला ती वाचता येत होती. मग म्हणाला, समोरचं लख्ख दिसतं मॅम, कडेचं नाही. आणि अंधारायला लागलं की अगदीच नाही.

आमच्याकडे याला रातांधळेपणा म्हणतात. त्याच्या एका मामाला होता, तो चाळिशीत पूर्ण आंधळा झाला. वेस्ली डॉक्टरकडे गेला नव्हता. नाव कळलं की संपलं, असं त्याचं म्हणणं. पण या मैदानात त्याला पाहावं लागत नव्हतं. दहा वर्षं तो इथे खेळत होता. बॅटच्या आवाजावरून चेंडू कुठे जाणार ते त्याला कळायचं, टायरवाल्याच्या जाहिरातीपर्यंत किती पावलं ते पायांना पाठ होतं, आणि अंदाज चुकलाच तर लाकडाची भिंत जुनी आणि मऊ होती. ऑगस्टमध्ये मोठ्या क्लबांची माणसं खेळाडू पाहायला येतात. तेवढं होऊ दे, मग मी स्वतः डॉक्टरकडे जाईन, तोवर कुणाला सांगू नका, मॅम. मी शब्द दिला. शब्द देताना मला फार मोठं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. दोन वर्षांत कुणी माझ्यावर काहीच सोपवलं नव्हतं.

घरी मी शिरीषला सांगितलं. तो दही-भात कालवत होता. "तू उगाच इन्व्हॉल्व्ह होतेस यार," तो म्हणाला. "तू त्याची डॉक्टर नाहीस, कोच नाहीस. आपण इथे व्हिसावर आहोत, उद्या काही झालं तर तुझं नाव यायला नको." त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

जुलैत आमच्या कॅचरचा अंगठा मोडला. कॅचर म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बसून चेंडू अडवणारा, विकेटकीपरचा सख्खा भाऊ. तो नाही तर टीम लुळी. टेक्सासमधल्या एका क्लबकडे दोन कॅचर होते, आणि त्यांना वेस्ली हवा होता. याला ट्रेड म्हणतात. माणूस द्यायचा, माणूस घ्यायचा. ज्याला देताय त्याला विचारायचं नाही. पहिल्यांदा ही पद्धत ऐकली तेव्हा मला बोहारीण आठवली. दारात बसून जुन्या साडीची जर उन्हात धरून पाहणारी, आणि बदल्यात मिळालेलं पातेलं हातात घेऊन कोण जिंकलं याचा हिशेब करणारी आई. मी हे मिस्टर हॉलिसना सांगितलं तेव्हा ते चक्क हसले होते, आणि साडीला काय वाटतं ते कुणी विचारत नाही, एवढंच म्हणाले होते.

सोमवारी दुपारी ते मी स्कोअर लिहायला बसायची त्या शेडमध्ये आले. टोपी काढून बाकावर ठेवली. मला त्या मुलाला सोडायचं नाही, पण कॅचरवाचून हंगाम जाईल, असं काहीसं म्हणाले. त्यांना उत्तर गुरुवारपर्यंत द्यायचं होतं. मग थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, "मिस नंदा, या मुलाला तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही त्याला जाऊ द्याल?"

आता, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं. ठाम, मोठ्याने, नाही. अनोळखी मैदानात, अनोळखी भिंतीसमोर, तिन्हीसांजेला तो मुलगा आंधळा होता. पण 'नाही' म्हटलं की 'का' आलं, आणि 'का'चं उत्तर मी कुलूपबंद करून बसले होते. शिवाय वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं वळण आमच्या घरात नव्हतं. मग मी तेच केलं जे माझ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या करत आले. मी म्हटलं, "वुई विल सी. आय विल लेट यू नो."

पाहू, कळवते.

मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. पुण्याकडे 'बघू' म्हणतात, आम्ही नागपूरचे 'पाहू' म्हणतो. दोन्हीचा अर्थ एकच, तो विषय आता पुन्हा काढू नका. मुंबईला कसोटी सामना पाहायला जाऊ या म्हणून मी बाबांच्या मागे लागले होते, तेव्हा ते 'पाहू' म्हणाले आणि मी त्याच क्षणी रडायला लागले. आणि 'कळवतो'! माझ्या लग्नाच्या वेळी तीन घरांनी पोहे खाऊन, हात धुऊन 'कळवतो' म्हटलं होतं. आईने बशा उचलता उचलताच माझी पत्रिका पुन्हा पाकिटात घातली. कळवतो म्हणणारा कधी कळवत नाही, ही आपल्याकडची सभ्यता आहे. त्या दोन शब्दांत मी मिस्टर हॉलिसना जितका स्वच्छ नकार देता येईल तितका दिला होता. त्यांनी मान डोलावली, टोपी घातली, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. वाटलं, माझा शब्दही राहिला आणि मुलगाही राहिला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मिस्टर हॉलिस दोनदा शेडवरून जाताना थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. मला वाटलं, बिचारे कॅचरच्या काळजीत आहेत.

शुक्रवारी मैदानावर गेले तर वेस्ली बॅग भरत होता. चेहरा उजळलेला. टेक्सासचा क्लब आमच्यापेक्षा मोठा, तिथे मोठ्या क्लबांची माणसं जास्त येतात, असं तो भराभरा सांगत होता. मी त्याच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही. मी सरळ मिस्टर हॉलिसकडे गेले आणि मी नको म्हटलं होतं ना, असं विचारलं. त्यांना आश्चर्य वाटलं, राग नाही. "तुम्ही पाहून कळवते म्हणालात," ते म्हणाले. "मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबलो, मिस नंदा. तुम्ही आला नाहीत, तेव्हा मी समजलो, तुम्ही पाहिलंत आणि काही सापडलं नाही."

त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून चार दिवस माझी वाट पाहिली होती. पाहीन म्हटलं म्हणजे ही बाई पाहील, कळवीन म्हटलं म्हणजे कळवील. इतका साधा अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

ही गोष्ट मी इथपर्यंत काही जणांना सांगितली आहे. मंडळाच्या गणपतीत, कुणाकडे जेवायला गेल्यावर. लोक हळहळतात, भाषेचा कसा घोटाळा होतो बघा म्हणतात, मग प्रत्येकाला आपापला एक किस्सा आठवतो. मी तिथेच थांबते. पण भाषेचा घोटाळा शुक्रवारी दुपारी संपला होता. आता मिस्टर हॉलिस माझ्यासमोर उभे होते, वेस्लीची बस दुसऱ्या दिवशीची होती, आणि त्याला दिसत नाही एवढं वाक्य तर मला इंग्रजीत नक्की येत होतं. मी ते म्हटलं नाही. दिलेला शब्द होता, हे एक. त्याचा उजळलेला चेहरा होता, हे दुसरं. आणि तिसरं, जे मला कबूल करायला पंधरा वर्षं लागली: सहा आठवडे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही लपवलंत, असं ते म्हणाले असते, ते मला ऐकायचं नव्हतं. मला मिस नंदा राहायचं होतं.

तिकडे गेल्यावर काहीही होणार नाही, असंही होऊ शकत होतं. मी त्याचा हिशेब केला. माझं शिक्षणच ते. अर्धा तास, त्यात त्याच्या दिशेने येणारे चेंडू किती, त्यातले भिंतीजवळचे किती. संभाव्यता अगदी बारीक निघाली. मी स्वतःला पटवलं आणि त्या रात्री झोपलेसुद्धा.

तीन आठवड्यांनी मिस्टर हॉलिसचा फोन आला. एरवी ते फोन करत नसत. टेक्सासमधली भिंत सिमेंटची होती. संध्याकाळची वेळ, उंच चेंडू, वेस्ली त्याच्याकडे पाहत पूर्ण वेगाने धावत गेला आणि अजिबात थांबला नाही, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. भिंत आहे हे त्याला माहीतच नसल्यासारखा. कवटीला तडा गेला होता. डावा डोळा काढावा लागला. उजव्या डोळ्याला आधीचाच आजार आहे असं तिथल्या डॉक्टरांना तपासणीत दिसलं, तोही फार वर्षं टिकणार नव्हता.

मी वही घेऊन मैदानावर गेले. कशासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मिस्टर हॉलिस शेडमध्येच बसले होते. त्यांनी वही मागितली आणि एकेक पान उलटत वेस्लीच्या नावाच्या ओळी पाहू लागले. त्यांना मराठी येत नाही, पण एकच शब्द पुन्हा पुन्हा येतोय हे दिसायला भाषा लागत नाही. त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. मग पुढच्या पानावर. मग त्याच्या पुढच्या.

"हे काय लिहिलंय?"

"लेट," मी म्हटलं. "संध्याकाळी तो उशिरा निघतो."

त्यांनी वही मिटली, माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून मैदानात गेले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. टीमचा सराव सुरू झाला, नवा कॅचर चांगला होता, चेंडू त्याच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज येत राहिला. मी त्यानंतर तिथे गेले नाही, आणि मला कुणी बोलावलंही नाही.

दोन वर्षांनी मला कामाची परवानगी मिळाली. आता मी एका विमा कंपनीत नोकरी करते. किती माणसांना काय होण्याची शक्यता किती, ते सांगते. 'पाहू' हा शब्द घरातून हद्दपार केलाय. मुलगी सायकल मागते तर मी हो म्हणते नाहीतर नाही म्हणते. "आई, यू आर सो ब्लंट," ती म्हणते. माझी आईही फोनवर तक्रार करते, की तिकडे जाऊन तू फटकळ झालीस.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मी वेस्लीच्या घरी गेले होते. एकदाच. त्याच्या आईने लोखंडी खुर्ची पुसून दिली, आइस्ड टी आणला, आणि इतक्या लांबून आलात म्हणून आभार मानले. वेस्ली पोर्चमध्ये बसला होता. दुपारचं ऊन होतं, तरी तो माझ्याकडे वळला तो आवाजाच्या दिशेने. जखम भरत आली होती. आई आत गेल्यावर त्याने आपली खुर्ची माझ्या बाजूला ओढली. मग म्हणाला, ट्रेडच्या आधी मिस्टर हॉलिस सगळ्यांना विचारतात, तुम्हालाही विचारलं असेल. मी हो म्हटलं.

"मग तुम्ही काय सांगितलंत, मॅम?"

मी सांगू शकत होते. सोमवारचं, गुरुवारचं, शुक्रवारचं. त्यासाठीच गेले होते, चाळीस मिनिटं गाडीत तेच घोकत.

"मी नको म्हटलं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. त्याला तेच अपेक्षित होतं असं दिसलं. मग त्याने हात पुढे केला, माझा हात कुठे आहे ते चाचपून शोधला, आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. माझ्या बाजूने बोलणारं तिथे कुणीतरी होतं, आईलाही मी हेच सांगतो, असं म्हणाला. आणि म्हणाला, "थँक यू, मॅम."

मी त्याला 'यू आर वेलकम' म्हटलं.